शीण, थकवा आणि हुशारी

शाळेच्या स्मरणिकेत सहसा यशाची नोंद होते. कोणती तुकडी कधी बाहेर पडली, कोण कोठे पोहोचले, कोणती इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, हे लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. या लेखात मात्र आम्ही एका वेगळ्या ठेव्याविषयी लिहिणार आहोत. पत्र्याची पेटी, वळकटी आणि चटणीची बरणी घेऊन आम्ही वसतिगृहात आलो, तेव्हा घरून आणखी एक गोष्ट आमच्याबरोबर आली होती. ती म्हणजे आमच्या आईबापांची कष्टाची भाषा. त्या भाषेत थकव्याला आणि अशक्तपणाला पुष्कळ शब्द आहेत. ते कोण वापरतो, कोण कधीच वापरत नाही आणि कोण ते दुसऱ्यावर लादतो, हा आमच्या बोलण्यातला जुना विषय आहे. 'आम्ही' म्हणजे निरनिराळ्या वर्षी या वसतिगृहात राहून गेलेली काही माणसे. आमच्यात कोणी शिक्षक आहे, कोणी परिचारिका, कोणी एसटीत वाहक, तर कोणी बँकेत कारकून. कामे वेगवेगळी असली, तरी ज्या घरांतून आम्ही आलो ती घरे सारखीच होती.

मराठीत थकण्याची एक उतरंड आहे. दमणे हे श्वासाशी बांधलेले आहे. चढ चढला, धावत आला, डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून आली, की माणूस दमतो. दमलेल्याला सांगतात, "जरा दम खा." घटकाभर बसले, घोटभर पाणी प्याले, की तो पुन्हा उभा राहतो. शिणणे सावकाश येते. प्रवासाचा शीण असतो, जागरणाचा शीण असतो. डोळे शिणतात, मनही शिणते. शीण बसल्याबरोबर जात नाही, तो उतरावा लागतो. म्हणून बाहेरगावाहून आलेल्याला कढत पाणी काढून देतात, पायांना तेल लावतात आणि लवकर झोपू देतात. अंग आंबणे हे आणखी वेगळे. बऱ्याच दिवसांनी खुरपायला किंवा सोंगणीला गेलेल्या माणसाचे अंग त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आंबते. जुनी माणसे सांगतात, की आंबलेल्या अंगाला बसवून ठेवू नये, हळूहळू कामाला लावावे, म्हणजे ते मोकळे होते.

गळून जाणे मात्र कष्टाने होत नाही. ते तापातून उठल्यावर, जुलाबानंतर किंवा एखादी वाईट बातमी ऐकल्यावर होते. हातपाय गळतात, अवसान गळते. कणकण म्हणजे अजून न आलेल्या तापाची चाहूल. ग्लानी म्हणजे आलेल्या तापाने भानावर धरलेली झापड. जीव मेटाकुटीला येणे, कंबरेचा काटा ढिला होणे, पायांचे तुकडे पडणे, असे शब्दप्रयोग तर कोणत्या अवयवावर किती भार पडला, हेही सांगतात. शब्दकोशात यांतल्या कित्येकांपुढे एकच अर्थ दिलेला आढळेल. परंतु ज्या घरात हे शब्द रोज लागतात, तेथे ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येक शब्द कारण सांगतो आणि बहुधा उपायही सुचवतो. औषधाचा खर्च न परवडणाऱ्या माणसांनी भाषेतच निदान करून ठेवले आहे.

याच शब्दांना दुसरीकडे पैशाची गाठ बसलेली आहे. मजूर थकतो, तशी मजुरीही थकते. घरभाडे थकते, वीजबिल थकते, सोसायटीचे कर्ज थकीत होते आणि शेवटी थकबाकीची नोटीस येते. ज्या क्रियापदाने माणसाच्या अंगातले बळ संपल्याचे सांगायचे, त्याच क्रियापदाने देणे राहिल्याचेही सांगायचे, ही मराठीची रीत विचार करण्याजोगी आहे. थकलेल्या माणसाचे कोणीतरी काहीतरी देणे लागते, असाच जणू तिचा अर्थ आहे. मजुरी थकली असेल, तर मजूर अधिक थकतो, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही.

भागणे या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. दमूनभागून आलेला माणूस भागलेला असतो. पण तहान भागते, भूक भागते आणि "एवढ्यात आमचं भागतं," असेही आपण म्हणतो. आमच्या घरांत हे वाक्य फार ऐकू येई. पाहुण्याला, सावकाराला, शाळेतून भेटायला आलेल्या सरांना, सगळ्यांना आई हेच सांगे. चार माणसांचे दोन भाकरींत भागायचे आणि ते भागवता भागवता भागवणारी स्वतः भागून जायची. आणि खपणे? रात्रंदिवस खपणे म्हणजे अपार कष्ट करणे. माल खपला म्हणजे विकला गेला. माणूस खपला म्हणजे मेला. कष्ट, बाजार आणि मृत्यू यांना एकाच शब्दात बसवणारी भाषा कष्टकऱ्यांच्या तोंडी घडली असली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आता ज्यांच्याकडे एवढे शब्द होते, त्यांनी ते स्वतःसाठी किती वापरले, हे पाहिले पाहिजे. आमच्या आयांना शेजारणीचा शीण ओळखता येई. म्हशीने वैरण सोडली, तर तिच्या अंगात कसर आहे हे त्यांना लगेच कळे. लेकरू नुसते गप्प बसले, तरी त्या कपाळाला हात लावून पाहत. स्वतःविषयी विचारले, की मात्र उत्तर ठरलेले असे : "काही नाही, जरा कसंतरी होतंय." 'जरा' आणि 'कसंतरी' या दोन शब्दांच्या आड ताप, अंगावरचे जाणे, पाठीचे दुखणे, उपास, सगळे काही झाकले जाई. शब्द माहीत नव्हते असे नाही. शब्द उच्चारला, तर त्याच्यामागे विश्रांती येते, आणि विश्रांतीची किंमत घराला परवडणारी नव्हती.

ही किंमत काही घरांत अगदी आकड्यांत ठरलेली असे. आमच्यातील काहींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. तेथे नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे आणि नाव एका हत्याराचे. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती मोळ्या बांधून, गाड्या भरून फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही, तर त्याला खाडा म्हणतात. खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात किंवा तिच्यावर चढतात. आमच्या हजेरीपटावरही खाडा हाच शब्द होता. आमच्या खाड्याबद्दल वर्गशिक्षक दोन प्रश्न विचारीत आणि विषय तेथेच मिटे. आईचा खाडा मात्र कर्जात जमा होई. मासिक पाळीत, गरोदरपणात, तापात, कधीही तो खाडाच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा वृत्तपत्रे वाचणाऱ्या अनेकांना धक्का बसला. आम्हाला त्या बातम्यांत ओळखीचा शब्द दिसला. ज्या कामात थकण्याला दंड आहे, तेथे बाई थकवा सांगत नाही. जे अंग थकते, तेच ती दूर करू पाहते.

न सांगण्याला आपण फार मोठा मान दिला आहे. चंदनासारखे झिजणे, हाडाची काडे करणे, रक्ताचे पाणी करणे, खस्ता खाणे, हे आपल्याकडचे गौरवाचे शब्द आहेत. निरोप समारंभात आणि श्रद्धांजलीच्या सभेत ते हमखास येतात. आम्हीही आमच्या आईवडिलांविषयी कृतज्ञतेने ते वापरतो. पण झिजणाऱ्याची स्तुती करताना झिजवणारा कोण, हा प्रश्न राहून जातो. मराठी व्याकरणात तो प्रश्न विचारण्याची सोय आहे. दमणे–दमवणे, थकणे–थकवणे, शिणणे–शिणवणे, झिजणे–झिजवणे. पहिल्या रूपात माणूस एकटाच असतो आणि जे होते ते त्याच्या अंगात आपोआप होते. दुसऱ्या रूपाला कर्ता लागतो. व्याकरणाच्या तासाला प्रयोजक क्रियापदे म्हणून ही रूपे आम्ही पाठ केली होती. पुढे आयुष्यात ती फार उपयोगी पडली.

थकव्याचे इतके शब्द एका बाजूला असताना, दुसऱ्या बाजूला एकच शब्द त्या सगळ्यांना गिळायला बसलेला असतो. तो म्हणजे आळस. शेतमालकाच्या दृष्टीने मजूर आळशी असतो. साहेबाला शिपाई आळशी दिसतो, सासूला सून आणि शाळेला मागच्या बाकावरचा मुलगा. पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाने गावाची सर्वांत जड कामे केली, त्याच समाजाला आळशी म्हणण्याची रीत गावाने पाडली. थकवा ही ज्याची त्याला जाणवणारी गोष्ट आहे; आळस हा बहुधा दुसऱ्याने मारलेला शिक्का असतो. म्हणून दोघांची गल्लत झाली, की नुकसान नेहमी एकाच बाजूचे होते.

ही गल्लत न करण्याचे शिक्षण आम्हाला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींकडून मिळाले. त्यांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. पहाटेच्या वंदनेला किंवा सायंकाळच्या अभ्यासिकेला कोणी आले नाही, तर अधीक्षक सर त्यांनाच पाठवीत. मावशी खाटेशी बसत आणि विचारीत, "दमलास, का कंटाळलास, का बरं नाही?" तीन निराळे प्रश्न. दमलास म्हणणाऱ्याला त्या झोपू देत. कंटाळलेल्याला भाजी निवडायला घेऊन जात आणि तेथे तो बोलू लागे. बहुधा घरची आठवण निघे. बरे नसलेल्याच्या जिभेकडे, डोळ्यांकडे आणि नखांकडे त्या पाहत.

आमच्या वेळची एक मुलगी नववीत असताना सारखी म्हणे, "कंटाळा येतो." जिना चढून आली, की ती पायरीवर बसे. प्रार्थनेत तिला भोवळ येई. "कंटाळ्यानं कुणाला दम लागत नाही," एवढेच मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवायला लावले. तपासणीत रक्त फारच कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या, पानात गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजी वाढली, आणि काही महिन्यांत ती मुलगी खो-खोच्या संघात पळू लागली. तिने 'कंटाळा' हा शब्द निवडला, कारण तिच्या घरी मुलीने वापरायचा तेवढाच सौम्य शब्द होता. 'अशक्त' म्हटले असते, तर वडिलांनी तिला शाळेतून काढून घरी ठेवले असते, अशी भीती तिला वाटत होती, हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितले. आज ती परिचारिका आहे आणि या लेखाच्या 'आम्ही'मध्ये तिचाही आवाज आहे.

ही एका मुलीची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात दहा मुली असतील, तर पाचसहा जणींना धाप, भोवळ, अंगातली मरगळ यांपैकी काहीतरी जाणवत असण्याची शक्यता आहे. आता शाळांतून १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची योजना आहे. गोळी जितकी महत्त्वाची, तितकेच महत्त्वाचे आहे मुलीचे बोलणे ऐकून घेणारे माणूस. "ही अभ्यासात ढिली पडली," असे प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी ती जिना कशी चढते, हे कोणीतरी पाहिले पाहिजे.

वसतिगृहात थकव्याचे काही शब्द आम्हाला आणखी एका वाटेने भेटले. वंदनेनंतर कधी भन्तेजी, कधी पाली शिकवणारे सर पंच नीवरणे समजावून सांगत. चित्ताला झाकून टाकणारी ती पाच आवरणे. त्यांतले तिसरे थीनमिद्ध, म्हणजे मनाचा आणि वृत्तींचा जडपणा, सुस्ती, पेंग. पहाटे पाचला उठवलेल्या मुलांना हे नीवरण समजावून सांगावे लागत नसे. पण त्याच परंपरेत थकलेल्यासाठी निराळा शब्द आहे, किलन्त. शरीर श्रमाने थकते ते किलन्त होते. आणि विनाकारण स्वतःला शिणवणे म्हणजे अत्तकिलमथ. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात भगवान बुद्धांनी दोन टोके टाळायला सांगितली. त्यांतले एक भोगविलासाचे आणि दुसरे हेच, स्वतःच्या देहाला शिणवत राहण्याचे. धम्मचक्र फिरले ते शिणवण्याला नकार देऊन, हे आमच्या घरांच्या दृष्टीने केवढे मोठे सांगणे आहे!

अंगुत्तर निकायात महामोग्गल्लानांची हकीकत आहे. मगधात एका गावी ध्यानाला बसले असता ते पेंगू लागले. तथागतांनी त्यांना ठपका दिला नाही, एकामागून एक उपाय सांगितले. ज्या विचाराने पेंग येते तो सोडून पाहा. ऐकलेल्या धम्माचे चिंतन करा, तो म्हणून पाहा. कान ओढा, अंग चोळा. उठून डोळ्यांना पाणी लावा, चहूदिशांना आणि नक्षत्रांकडे नजर टाका. मनात उजेडाची कल्पना करा, येरझाऱ्या घाला. आणि एवढ्यानेही पेंग गेली नाही, तर उजव्या कुशीवर, सावधपणे, उठण्याची वेळ मनाशी ठरवून झोपा. उपायांची ही यादी झोपेपाशी संपते, हे आम्हाला फार आवडते. प्रयत्न करून पाहावा आणि तरीही देह झोप मागत असेल, तर ती द्यावी.

त्याच निकायात आळसाची आठ निमित्ते सांगितली आहेत आणि त्यांची रचना नवल वाटावी अशी आहे. काम करायचे आहे, थकवा येईल, म्हणून आधीच पडून राहू. काम झाले आहे, थकवा आला आहे, म्हणून पडून राहू. प्रवास करायचा आहे. प्रवास झाला आहे. जेवण कमी मिळाले. जेवण पोटभर झाले. थोडे बरे नाही. नुकतेच बरे वाटू लागले आहे. लगेच पुढे प्रयत्नाचीही आठ निमित्ते येतात आणि ती अगदी हीच आहेत. काम करायचे आहे, मग धम्माकडे लक्ष देता येणार नाही, म्हणून आधीच प्रयत्न करू. परिस्थिती तीच, देह तोच. फरक पडतो तो, आपल्या थकव्याचे वाक्य आपण पुढे कसे पूर्ण करतो त्याने. एक गोष्ट येथे विसरता कामा नये. हे वाक्य ज्याचे त्याने स्वतःशी पूर्ण करायचे आहे. दुसऱ्याच्या थकव्यावर न्याय देण्यासाठी ती यादी नाही.

खुद्द तथागतांनी आपला थकवा लपवला नाही. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश झाल्यावर, आपली पाठ दुखते आहे, आपण आडवे होतो, असे सांगून पुढचे प्रवचन त्यांनी आनंदावर सोपवले. पावा येथेही तसेच झाले. तेथे ते सारिपुत्तांनी सांभाळले. अखेरच्या प्रवासात, चुंदाच्या घरच्या भोजनानंतर कुशिनाराच्या वाटेवर ते एका झाडाखाली थांबले. चीवराची चौपदरी घडी अंथरायला त्यांनी आनंदाला सांगितले. आपण थकलो आहोत, बसणार आहोत, असे ते म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितले. जगाला दुःखमुक्तीचा मार्ग दाखवणाऱ्या महापुरुषाने ऐंशीव्या वर्षी साध्या शब्दांत थकवा सांगितला आणि संघाने तो तितक्याच साधेपणाने ग्रंथात जपून ठेवला. त्याने त्यांची उंची तसूभरही उणावली नाही. आमच्या आयांनी 'जरा कसंतरी' म्हणत आयुष्य काढले. त्यांना ही हकीकत आम्ही आता मुद्दाम सांगतो.

बाबासाहेबांनी थकव्याचा विचार कायद्याच्या भाषेत केला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखाना कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. हा सहा तासांचा फरक आकड्यात लहान दिसतो. परंतु कामगार थकतो ही गोष्ट कोणाच्या दयेवर न सोडता ती मोजता येते आणि तिला मर्यादा घालता येते, हे त्यातून सिद्ध झाले. यंत्रांनी माणसाला फुरसत द्यावी, कारण फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, असा आग्रह त्यांनी आपल्या लेखनातही धरला. आमच्या आजोबांना फुरसत हा शब्द रिकामटेकडेपणासारखा वाटे. बाबासाहेबांनी तो हक्काच्या रांगेत नेऊन बसवला.

येथे आणखी एका शब्दाचा उल्लेख करायला हवा. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर आणि शासनाच्या परिपत्रकांत 'दुर्बल घटक' असे शब्द असतात. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात जनतेच्या दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, शैक्षणिक आणि आर्थिक हित जपण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्या तत्त्वामुळे आमच्यातील अनेकांच्या हाती पुस्तके आली, याचे स्मरण आम्हाला आहे. पण मुले हे शब्द पहिल्यांदा वाचतात, तेव्हा ती स्वतःच्या दंडाकडे पाहतात. 'दुर्बल' हे विशेषण आहे. त्याला दमवणे-थकवणे यांसारखे रूप नाही. म्हणून ते देहाच्या घडणीविषयी बोलते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात ते इतिहासाविषयी बोलते. ज्यांच्या खांद्यावर सर्वाधिक भार दिला गेला, त्यांच्या हाती सर्वांत कमी ठेवले गेले, एवढाच त्याचा अर्थ. मोळी पेलणारी बाई दुर्बल नसते. तिला बळाचा मोबदला मिळालेला नसतो. शिक्षकांनी अर्ज भरून घेताना हा अर्थ मुलांना दोन मिनिटांत समजावून सांगावा, अशी आमची विनंती आहे.

आजच्या मुलांचे शब्द बदलले आहेत. 'वीकनेस आलाय', 'टेन्शन आहे', 'लो वाटतंय', 'बोअर होतंय', असे ती म्हणतात. गावाकडची माणसे दवाखान्यात जाऊन 'ताकदीचं सलाइन' मागतात आणि बाटली संपली, की समाधानाने परततात. मूळ दुखणे मात्र तेथेच राहते. नोकरदार माजी विद्यार्थी रात्री अकराला प्रवासातून घरी पोहोचतो आणि आईला फोनवर सांगतो, "नाही गं, मजेत आहे." म्हणजे 'जरा कसंतरी'चीच ही नवी आवृत्ती. नव्या शब्दांचा आम्हाला राग नाही. शब्द कोणताही असो, त्याच्यामागे मावशींचे तीन प्रश्न विचारले जावेत, एवढेच म्हणणे आहे. पालकांनी फोनवर "अभ्यास करतोस ना?" याच्याआधी ते विचारावेत. आणि मुलगा तीनतीन आठवडे नुसता 'कंटाळा' म्हणत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर तो शब्द हलका समजू नये. त्याला जवळ घेऊन बोलावे, डॉक्टरांना दाखवावे.

माजी विद्यार्थ्यांनी तर हे प्रश्न आपापल्या घरी न्यावेत. आपल्या आया आता थकल्या आहेत. मराठीत वडीलधाऱ्यांविषयी 'थकले' म्हटले, की वय झाले असा अर्थ होतो. पण त्यांतला कितीसा भाग वयाचा आणि कितीसा थकबाकीचा, याचा हिशेब आपणच करायचा आहे. रक्त तपासून घेणे, डोळे दाखवणे, दुपारी दार लोटून तासभर झोपू देणे, एवढी फेड तरी आपल्या हातात आहे.

शेवटी आपल्या शाळेच्या कामाचा एक शब्द. दुखण्यातून उठलेल्याला आमची आजी विचारी, "आता हुशारी वाटते का?" मराठीत हुशारी म्हणजे तरतरी, अंगात परत आलेले बळ, आणि हुशारी म्हणजे बुद्धीची चमकही. शाळा हुशार मुलांचा सत्कार करते. या शाळेने आमच्याकरिता त्याआधीचे काम केले. तिने आम्हाला पोटभर जेवू घातले, पुरेसे झोपू दिले, दमलो तर दमलो म्हणू दिले, आणि मग वही उघडली. पहिली हुशारी आली, तेव्हा दुसरीला वाट मिळाली. येथे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला या दोन्ही हुशाऱ्या, याच क्रमाने, लाभोत.